नोकरी सांभाळून सर्जनशील लेखनाचं अर्धवेळ एम.ए.: अर्जापासून शेवटच्या मसुद्यापर्यंत

तुमचा प्रश्न असा आहे: तुम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहता, आयटीत पूर्णवेळ नोकरी करता, मुलगी प्राथमिक शाळेत आहे. मराठीत तुमच्या काही कथा दिवाळी अंकांत छापून आल्या आहेत. आता क्रिएटिव्ह रायटिंगची पदव्युत्तर पदवी अर्धवेळ करावी असं मनात आहे. अर्ज कसा करायचा, मराठीतल्या लेखनाचा तिथे काही उपयोग होईल का, आणि नोकरी-संसार सांभाळून हे खरोखर पूर्ण होतं का, असं तुम्ही विचारलं आहे. मी अशाच एका अभ्यासक्रमातून नोकरी करत गेले आहे आणि त्यानंतर बरीच वर्षं अर्ज करणाऱ्यांचं लेखन वाचून देते आहे. तेव्हा जे पाहिलं ते सविस्तर सांगते.

पूर्ण होतं. पण कशामुळे होतं आणि कशामुळे राहून जातं, हे अर्ज करण्याआधीच कळलेलं बरं.

विद्यापीठांच्या माहितीपत्रकात वर्ग दिसतात, जुन्या इमारती दिसतात, गोल बसून चर्चा करणारी माणसं दिसतात. अर्धवेळ अभ्यासक्रमात हा भाग फार थोडा असतो. बाकीचा सगळा काळ तुम्ही एकट्या, घरी, दिवसभराच्या कामानंतर लिहीत असता. तिथे कोणी हजेरी घेत नाही. हा मधला काळ हाच अभ्यासक्रम आहे. तो तुम्ही निभावून न्याल, हे अर्ज वाचणाऱ्याला तुमच्या कागदांवरून जाणवलं पाहिजे. आणि पुढे पदवी हातात पडते की अर्ध्यावर सुटते, तेही त्याच काळावर ठरतं.

ही पद्धत मुळात तशीच योजलेली आहे. इंग्लंडमध्ये १९७० साली ईस्ट अँग्लिया विद्यापीठात लेखनाचं एम.ए. सुरू झालं ते एका वर्षाचं, पूर्णवेळ, तिथे जाऊन राहण्याचं. पण १९७६ साली अमेरिकेत, व्हरमाँटमधल्या गोडार्ड कॉलेजात, एलन ब्रायंट व्हॉइट या कवयित्रीने वेगळी रचना केली. थोडे दिवस एकत्र राहायचं आणि उरलेले महिने घरून शिक्षकाला टपालाने लेखन पाठवत राहायचं. शिक्षक प्रत्येक पाकिटाला पत्राने सविस्तर उत्तर देणार. घरदार आणि नोकरी असलेल्या माणसाला लेखन शिकता यावं हाच त्यामागचा विचार होता. आज टपालाच्या जागी फाइल अपलोड होते, एवढाच फरक.

तुमच्या ठिकाणाहून तीन तऱ्हा शक्य आहेत.

पहिली संध्याकाळच्या वर्गांची. लंडनचं बर्कबेक हे त्यातलं सगळ्यात जुनं नाव. १८२३ साली काम करणाऱ्या माणसांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थेतून ते वाढलं, आणि साधारण सहा ते नऊ या वेळेत शिकवणं ही त्याची ओळख आहे. रेडिंगहून पॅडिंग्टन जलद गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास, पुढे ब्लूम्सबरी, जिथे हे कॉलेज आहे. जाणं सोपं आहे. रात्री नऊनंतर परत येणं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचा डबा, हे आठवड्यामागून आठवडे जमेल का ते बघा. ज्यांना एकटीने लिहायला बसवत नाही, दर आठवड्याला माणसं भेटलीच पाहिजेत, त्यांच्यासाठी ही तऱ्हा उत्तम.

दुसरी थोड्या दिवसांच्या निवासाची. ऑक्सफर्डचं ‘मास्टर ऑफ स्टडीज’ (एम.ए.च्या पातळीचीच पदवी) असं आहे. दोन वर्षांत पाच निवास, दोन मार्गदर्शित लेखन-शिबिरं आणि एक प्लेसमेंट, बाकी घरून. त्याची एक गोष्ट अर्जदार नीट वाचत नाहीत: पहिल्या वर्षी कथात्म गद्य, कविता, नाट्यलेखन आणि कथनात्म ललितेतर गद्य, असे चारही प्रकार सगळ्यांना लिहावे लागतात. एका प्रकारावर स्थिरावायला दुसरं वर्ष उजाडतं. तुम्ही फक्त कथा लिहिता. कविता आणि संवाद लिहायला लागणार याचा आनंद वाटत असेल तर जरूर जा. माझ्या मते कथाकाराला नाट्यलेखनाचं एक सत्र फार देऊन जातं, कारण तिथे निवेदकाला बोलायला जागाच नसते. पण मनात आधीच कादंबरी आहे आणि दुसरं काही नको, अशी अवस्था असेल तर ते पहिलं वर्ष जड जाईल.

तिसरी तऱ्हा पूर्णपणे दूरस्थ, ओपन युनिव्हर्सिटीसारखी. प्रवास नाही, रजा नाही, पण एकटेपणा सर्वांत जास्त. आणि तिथे दुसऱ्या वर्षाचं ओझं पहिल्याच्या दुप्पट आहे: पहिलं मॉड्यूल, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग, ६० क्रेडिटचं, दुसरं १२० चं (क्रेडिट हे कामाच्या तासांचं माप). पहिलं वर्ष सुरळीत गेलं म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि दुसऱ्या वर्षी गडबडतो, असं मी पाहिलं आहे.

पैशांचं आधी तपासून घ्या, कारण आपल्याकडच्या लोकांची इथे हमखास निराशा होते. इंग्लंडमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी सरकारी कर्ज मिळतं. २०२५-२६ मध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांसाठी ते जास्तीत जास्त १२,८५८ पौंड आहे. पण ज्याच्याकडे आधीच मास्टर्स पदवी आहे त्याला ते मिळत नाही, आणि भारतातली पदवीही त्यात धरतात. म्हणजे एम.सी.ए. किंवा एम.एस्सी. झालेलं असेल तर हा रस्ता बंद. वर्क व्हिसावर असलेल्यांनाही ते मिळत नाही. व्हिसावर शिकायला मनाई नाही, पण फी परदेशी विद्यार्थ्याची लागू शकते आणि ती बरीच जास्त असते. कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळायला वर्ष-दीड वर्षच उरलं असेल तर तेवढं थांबणं मला शहाणपणाचं वाटतं. तो काळ वाया जात नाही. पोर्टफोलिओला, म्हणजे अर्जासोबत पाठवायच्या लेखनाच्या नमुन्याला, तेवढा वेळ लागतोच.

आता पोर्टफोलिओ. अर्जात सगळ्यात जास्त वजन त्याला आहे, म्हणून यावर थोडी रेंगाळते.

ऑक्सफर्ड गद्याचे जास्तीत जास्त दोन हजार शब्द मागतं, कवितेत दहा छोट्या कविता. इतर ठिकाणी मर्यादा वेगळी असते, पण फार मोठी कुठेच नसते. तुमची दिवाळी अंकातली कथा साधारण चार-पाच हजार शब्दांची असेल. ती कापून दोन हजारांत बसवू नका. दिवाळी अंकाच्या कथेचा श्वास लांब असतो, ती सावकाश उलगडते, शेवटाकडे तिचं वजन साठत जातं. अर्धी केली की नुसता सांगाडा उरतो. दोन हजार शब्दांत मावेल असंच काही नव्याने लिहा, किंवा लांब लेखनातला असा तुकडा द्या जो मागचं-पुढचं न सांगता उभा राहील. वर ‘आत्तापर्यंत काय घडलं’ असा सारांश जोडायची गरज पडत असेल तर तो तुकडा चुकीचा निवडला आहे.

मराठी कथांचा स्वतः केलेला अनुवाद पाठवता येईल का? आधी त्या विद्यापीठाला विचारा, आणि पाठवला तर अनुवाद आहे हे कळवा. पण माझा सल्ला वेगळा आहे. वाचणारा समोरच्या पानावरची इंग्रजी वाक्यं बघणार. तुमची मूळ कथा किती चांगली आहे हे त्याला कळायला मार्ग नाही. अनुवाद करताना आपण मूळ मजकुराशी प्रामाणिक राहतो आणि वाक्यं अवघडतात, शिवाय प्रत्येक सणवार, प्रत्येक नातं समजावून सांगण्याचा मोह होतो. ‘माझी जाऊ, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या भावाची बायको’ असं कथेतला निवेदक कधी म्हणेल का? तो तिला नावाने हाक मारेल आणि वाचक दोन पानांत नातं ओळखेल. तेव्हा त्याच जगातली, पण इंग्रजीत पहिल्यांदाच सुचलेली एक नवी गोष्ट लिहा. ती सांगलीत घडो किंवा रेडिंगच्या ऑफिसात. इंग्रजांना भारत आवडतो म्हणून त्यात मसाले, पाऊस आणि ठरवून केलेलं लग्न घालू नका. असं लेखन वाचणाऱ्यांच्या टेबलावर भरपूर येतं, आणि जिथे लिहिणारीने खरंच काही पाहिलं आहे ते पान लगेच वेगळं उठून दिसतं.

पहिल्या पानात काय असावं? कोणीतरी काहीतरी करताना दिसावं. हवा, खोली, माणसाचा पूर्वेतिहास यातून सुरुवात करणारे अर्ज बहुसंख्य असतात. दुसरं, निवेदक कुठे उभा आहे आणि त्याला किती माहीत आहे हे पहिल्या परिच्छेदात ठरलेलं असावं. मध्येच दुसऱ्या पात्राच्या मनात शिरणं आपल्या मराठी कथेत सहज खपून जातं. इथे शिक्षक त्याकडे कच्चेपणा म्हणून बघतात, जोवर ते ठरवून केलेलं दिसत नाही. तिसरं, संवाद मोठ्याने वाचा. आपल्या इंग्रजीला आपला एक ताल आहे. तो पुसून टाकू नका, पण सगळी पात्रं त्याच तालात बोलत नाहीत ना, हे बघा.

मसुदा झाला की महिनाभर बाजूला ठेवा. मग पुन्हा काढून शेवटचा परिच्छेद झाकून वाचा. बहुतेक वेळा तो नसला तरी चालतो. मग दोन माणसांना द्या, त्यातला एक तरी कुटुंबाबाहेरचा, इंग्रजी कथा वाचणारा असावा. टंकलेखनाच्या चुका शून्य, दोन ओळींत मोकळं अंतर, पान क्रमांक. एवढ्याने प्रवेश मिळत नाही, पण याच्या अभावी वाचणाऱ्याचा विश्वास उडतो.

उद्देशपत्रात, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा ते सांगणाऱ्या पत्रात, ‘मला लहानपणापासून वाचनाची आवड आहे’ हे वाक्य नको. ते सगळ्यांचंच खरं असतं. तीन गोष्टी सांगा. या दोन वर्षांत काय लिहायचं आहे: कोणती गोष्ट, कोणाच्या तोंडून, आणि तिच्यात कुठे अडलं आहे. अलीकडे वाचलेल्या एखाद्या लेखनातून कारागिरीचं काय शिकलात. आणि वेळ कुठून काढणार. ही तिसरी गोष्ट फार थोडे अर्जदार लिहितात. अर्धवेळ अभ्यासक्रम चालवणाऱ्यांना मात्र तिचीच काळजी असते, कारण अर्ध्यावर सोडून जाणारे विद्यार्थी त्यांनी पाहिलेले असतात. ‘गेले आठ महिने आठवड्यातल्या तीन पहाटे मी लिहिते, त्यातून एवढ्या कथा झाल्या’ असं एक साधं वाक्य फार बोलतं. अर्थात ते खरं असलं पाहिजे, म्हणून ही सवय अर्जाच्या आधीच सुरू करायची.

मराठीतल्या कथांचा उपयोग इथे होतो. संपादकाने निवडलेलं, छापून आलेलं लेखन तुमच्याकडे आहे, मुदतीत लिहून देण्याची सवय आहे, एका भाषेत वाचक आहे. हे निःसंकोच लिहा. फक्त ‘दिवाळी अंक’ म्हणजे काय हे एका वाक्यात सांगा: १९०९ सालच्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली, दिवाळीला निघणाऱ्या वार्षिक साहित्य-अंकांची परंपरा. इंग्रजी साहित्यात असं काही नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला ते लक्षात राहतं.

शिफारसपत्रांसाठी ऑफिसातला मॅनेजर शेवटचा पर्याय ठेवा. तो तुमच्या वक्तशीरपणाबद्दल सांगेल, वाक्यांबद्दल नाही. यासाठी आणि स्वतःची परीक्षा घेण्यासाठीही, अर्जाच्या आधी एक छोटा अभ्यासक्रम करा. ऑक्सफर्डच्या निरंतर शिक्षण विभागाचे दहा आठवड्यांचे ऑनलाइन लेखनवर्ग आहेत. तिथला शिक्षक तुमचं लेखन आठवड्यामागून आठवडे वाचतो आणि मग त्याच्याकडे लिहिण्यासारखं काही असतं. १९६८ साली सुरू झालेल्या आर्व्हन या संस्थेची आठवडाभराची निवासी शिबिरंही चांगली आहेत, पण आठवडाभराच्या ओळखीवर शिफारस मागणं मला योग्य वाटत नाही. मराठी संपादकाचं पत्र इंग्रजीत मिळत असेल तर तेही द्या, शिफारस करणारे कोण असावेत याच्या नियमात बसत असेल तर. आणि पदवीचं शिक्षण भारतात झालं असेल तर इंग्रजीच्या चाचणीबद्दल लवकर चौकशी करा. ऑक्सफर्डची अट वरच्या पातळीची आहे, आयईएलटीएसमध्ये एकूण ७.५ आणि प्रत्येक भागात किमान ७. इतकी वर्षं इंग्लंडमध्ये नोकरी केली म्हणून ती आपोआप माफ होते असं समजू नका.

मुलाखतीला बोलावलं तर बहुधा तुमच्याच पोर्टफोलिओवर बोलणं होईल. ‘हे पात्र इथे गप्प का राहतं?’ असा प्रश्न येतो. पाठ केलेलं उत्तर नको. आपण केलेली निवड आपल्याला ठाऊक आहे का, आणि कोणी वेगळं सुचवलं तर आपण ते ऐकून घेतो का, एवढंच त्यांना बघायचं असतं.

प्रवेश मिळाला असं धरून पुढे जाऊ.

इथली मास्टर्स पदवी साधारणपणे १८० क्रेडिटची, आणि एक क्रेडिट म्हणजे दहा तासांचं काम असं धरतात. म्हणजे १,८०० तास. दोन वर्षांत वाटले तर आठवड्याला सतरा तासांच्या आसपास, सुट्टीचे आठवडे धरूनसुद्धा. त्यात वाचन, वर्ग, लेखन सगळं आलं. प्रवासात वाचता येतं, मुलीच्या पोहण्याच्या क्लासबाहेर बसून सोबत्यांचं लेखन तपासता येतं. पण नवं लेखन असं फटीत बसत नाही. त्यासाठी आठवड्यात दोन तरी सलग, कोणी हात न लावणारे तुकडे लागतात. ते कुठले, हे घरात बसून, मोठ्याने बोलून ठरवा. ‘बघू, जमवू’ यावर सुरुवात करू नका. नवऱ्याने शनिवारी सकाळी मुलीला कुठे न्यायचं हे ठरलं की मगच ती शनिवार सकाळ तुमची होते.

नोकरीत सवलत मागायला संकोच करू नका. एप्रिल २०२४ पासून ब्रिटनमध्ये नोकरीच्या पहिल्या दिवसापासून कामाच्या वेळा बदलून मागण्याचा हक्क आहे. बारा महिन्यांत दोनदा अर्ज करता येतो आणि कंपनीला दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो. नकार देता येतो, पण कारणासह. पाच दिवसांचे तास चार दिवसांत बसवून एक दिवस मोकळा करणं आयटीत बऱ्याच ठिकाणी मान्य होतं. निवासाच्या तारखा आधी कळतात. कळतील त्याच दिवशी रजेचा अर्ज टाका.

आपल्या घरांत वर्षाचा एक वेगळाच हिशोब असतो, तोही मांडा. सत्र सुरू होतं ऑक्टोबरात. त्याच सुमाराला नवरात्र, दिवाळी, मुलीची हाफ-टर्मची सुट्टी. मंडळाच्या कार्यक्रमात दरवर्षी तुमच्याकडे काही काम असेल तर यंदा दुसऱ्या कोणाला द्या. उन्हाळ्यात आई-बाबा किंवा सासू-सासरे भारतातून येतात, किंवा तुम्ही जाता, आणि पहिल्या वर्षाचं शेवटचं किंवा दुसऱ्या वर्षाचं मोठं सादरीकरण, म्हणजे लेखन जमा करणं, नेमकं त्या महिन्यांत असू शकतं. तिकिटं काढायच्या आधी सादरीकरणाच्या तारखा बघा. ज्येष्ठांना आधी सांगून ठेवलं तर ते फार सांभाळून घेतात. माझ्या ओळखीच्या एका बाईंचं शेवटचं प्रकरण सासूबाईंनी तीन आठवडे स्वयंपाकघर सांभाळल्यामुळे पुरं झालं, आणि त्या सासूबाई इंग्रजी वाचत नव्हत्या.

आता कार्यशाळेबद्दल. आपल्याकडे कथावाचनानंतर टाळ्या होतात, कोणी म्हणतं ‘छान झाली’, आणि चहा येतो. बारकाईने काम करणारे संपादक आपल्याकडेही होते, मौजेच्या श्री. पु. भागवतांनी लेखकांबरोबर मजकुरावर किती काळजीपूर्वक काम केलं हे सर्वश्रुत आहे. पण तो एका जाणत्या संपादकाचा आणि एका लेखकाचा व्यवहार होता. इथे आठ-दहा जण, बहुतेक तुमच्याच पायरीवरचे, तुमचं लेखन आधी वाचून येतात आणि तासभर त्याबद्दल बोलतात. जुन्या पद्धतीत लेखकाने तोवर गप्प बसायचं असतं. आता बरेच शिक्षक लेखकाला आधी प्रश्न मांडू देतात. तशी मुभा असेल तर नेमका प्रश्न विचारा. ‘कसं वाटलं?’ नको. ‘वडील परत आले हे तुम्हाला कोणत्या पानावर कळलं?’ असा.

ऐकलेल्या सगळ्या सूचना अमलात आणायच्या नसतात. वाचक कुठे अडखळला हे तो सहसा बरोबर सांगतो. का अडखळला आणि त्यावर उपाय काय, हे सांगताना तो बहुधा स्वतःची कथा सांगत असतो. तेव्हा तीन जण एकाच जागी थांबले असतील तर ती जागा नक्की बघा, उपाय तुमचा तुम्ही शोधा. आणि एक सूचना तुम्हाला वारंवार मिळेल: ‘हे जरा समजावून सांग.’ नात्यांबद्दल, जातीबद्दल, घरातल्या न बोललेल्या गोष्टींबद्दल. त्यात दोन प्रकार असतात. कधी तुम्ही खरंच वाचकाला अंधारात ठेवलेलं असतं. कधी वाचकाला फक्त अनोळखी जगात चालायची सवय नसते. हा फरक ओळखणं मला त्या दोन वर्षांतलं सगळ्यात मोलाचं शिक्षण वाटतं, आणि ते तुम्हाला इतरांपेक्षा जास्त मिळेल. दुसऱ्यांच्या लेखनावरही तितक्याच मनापासून टिपणं करा. स्वतःचा मसुदा कापायला लागणारी नजर दुसऱ्याच्या मसुद्यावरच तयार होते.

कार्यशाळेनंतर दोन दिवस मसुद्याला हात लावू नका, टिपणं मात्र त्याच रात्री लिहून काढा. आठवडाभराने त्यातलं निम्मं आठवत नाही.

सर्जनशील लेखनाबरोबर एक चिकित्सक निबंध किंवा आत्मपरीक्षणात्मक टिपण द्यावं लागतं, आणि चांगल्या लेखकांचे गुण तिथे जातात. आपण त्यात लेखनामागची भावना सांगतो. परीक्षकाला निर्णय हवे असतात: प्रथमपुरुषी निवेदन का सोडलं, काळ का बदलला, कोणाचं वाचून काय प्रयत्न केला, तो कुठे फसला. यासाठी पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा आणि प्रत्येक मसुद्यानंतर काय बदललं, का, हे चार ओळींत लिहा. शेवटी टिपण त्यातून जवळजवळ तयार मिळतं. संदर्भ देण्याची पद्धत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दलचे नियम सुरुवातीलाच वाचून ठेवा. व्याकरण तपासायला एखादं साधन वापरत असाल तर ते चालतं का, हे लेखी विचारून घ्या.

गुणांचा धक्का बसू देऊ नका. इथे साधारण ५० ला उत्तीर्ण आणि ७० ला डिस्टिंक्शन. ६२ मिळाले तर ते चांगले गुण आहेत. नव्वद टक्क्यांच्या हिशोबात वाढलेल्या आपल्या मनाला हे पटायला वेळ लागतो, आणि काही जण पहिल्याच निकालावर ‘हे आपलं काम नाही’ असं ठरवून टाकतात. गुणांपेक्षा खालचा अभिप्राय दोनदा वाचा.

सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे पहिलं वर्ष संपल्यावरचे महिने. वर्ग थांबतात, सोबती पांगतात, ऑफिसात साठलेलं काम डोक्यावर येतं, आणि समोर एकच मोठं काम असतं. मधल्या काळात टिकून राहण्याची खरी कसोटी इथेच लागते. यासाठी पहिल्या वर्षातच दोन-तीन सोबती हेरून ठेवा ज्यांचं वाचन तुम्हाला उपयोगी पडतं, आणि उन्हाळ्यात महिन्यातून एकदा ऑनलाइन भेटून पानं बदला. पानं तयार नसली तरी भेटा. मार्गदर्शकाबरोबरच्या भेटींच्या तारखा एकदम ठरवून घ्या. लिहून झालं की तारीख मागू असं म्हणणाऱ्यांची तारीख येत नाही.

आजारपण, नोकरी जाणं, भारतात धावावं लागणं, हेही घडतं. अशा वेळी गप्प राहू नका. मुदतवाढ मिळते, अडचणीची कागदपत्रं देऊन सवलत मागता येते, आणि बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रम काही काळ थांबवून पुन्हा सुरू करण्याची सोय असते. अट एकच, मुदत उलटण्याआधी कळवायचं. भारतातल्या मृत्यूच्या किंवा हॉस्पिटलच्या कागदपत्रांचं भाषांतर लागलं तर ते किती दिवसांत चालेल हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. आणि अगदीच पुढे जाता आलं नाही तर अनेक विद्यापीठं ६० क्रेडिटवर प्रमाणपत्र आणि १२० वर पदविका देतात. केलेलं काम हवेत जात नाही.

शेवटच्या प्रकल्पासाठी नवं काही सुरू करू नका. दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला जे लेखन तुम्हाला अजूनही अस्वस्थ करतं तेच घ्या. पूर्ण कादंबरी होणार नाही, व्हायची गरजही नाही. ठरलेल्या शब्दांत तिचा सुरुवातीचा सलग भाग द्या, निवडक प्रकरणं जोडून देऊ नका. पहिला पूर्ण मसुदा मुदतीच्या निदान तीन महिने आधी हातात हवा, कारण मार्गदर्शक ठरावीक वेळाच वाचतात आणि त्यातलं शेवटचं वाचन पूर्ण मसुद्यावर झालं तरच उपयोगाचं. शेवटचा महिना फक्त वाक्यांसाठी आणि टिपणासाठी ठेवा.

या दोन वर्षांत मराठी लिहिणं थांबवू नका, पण त्याचं रूप बदला. दैनंदिनी, पत्रं, छोटे लेख चालतील. दिवाळी अंकासाठी कथा जूनपासून मागायला लागतात, आणि दुसऱ्या वर्षीचा तुमचा उन्हाळा प्रकल्पाचा असेल. ज्या संपादकांना तुम्ही दरवर्षी कथा देता त्यांना त्या वर्षीच्या वसंतातच फोन करून सांगा की यंदा कथा नाही, पुढच्या वर्षी नक्की. ते समजून घेतात, आणि पुढच्या वर्षी आपणहून आठवणही करतात.